उतारा

हा सहावा बोडका होता. दमयंती काळेलचं डोकं फिरायला तेवढं पुरेसं होतं.

"नदाफ, मला केस पाहिजेत, केस! माझं यंत्र टकलावर चालत नाही," ती फोनवर ओरडली.

"मी काय करू मॅडम? माझ्याकडे आला तोच असा. डोकं, दाढी, काखा, छाती, सगळं साफ. आश्रमातून निघताना शुद्धिस्नान असतं म्हणे, त्यात उतरवतात." डॉक्टर नदाफ तालुक्याच्या रुग्णालयात शवविच्छेदन करायचे आणि मृतांचे नमुने दमयंतीच्या प्रयोगशाळेत पाठवायचे. बोलायला मऊ, कामाला पक्का माणूस. "पोलिसांचं नेहमीचंच. म्हणाले, उतारावाला आहे, घरी आला, राहवलं नाही, परत ओढायला गेला आणि खपला. कुलदीप हाके नाव. मी मत राखीव ठेवलंय."

मत राखीव. या दोन शब्दांची दमयंतीला चीड होती. डॉक्टर लिहितो, व्हिसेरा राखून ठेवला, मृत्यूच्या कारणाबाबत मत राखीव. मग मिठाच्या पाण्यात बुडवलेल्या आतड्या-काळजाच्या त्या बरण्या फडताळावर बसून राहतात, घरचे लोक तेरावा उरकतात, आणि ते राखलेलं मत काही जन्मात बाहेर येत नाही. अरे, राखता कुणासाठी? मेलेला तर वाट बघत नाही!

माणदेश जिल्हा वेगळा झाला त्याला आता बरीच वर्षं झाली होती. नवा जिल्हा, नव्या वसाहती, नवे कारखाने आणि त्यांच्या मागोमाग आलेली नवी नशा. पावडर आणि बटन. बटन म्हणजे गोळ्या. गावोगावची तरणी पोरं त्यात वाहून गेली. मग घाटमाथ्यावर विश्रामदादांचा उतारा आश्रम निघाला आणि आयाबायांना देव भेटला. पोरगं आत जायचं ते भांडत, शिव्या देत. सहा महिन्यांनी बाहेर यायचं ते मान खाली घालून, गाईसारखं गरीब. दादा काढा देत. त्या काढ्याचंही नाव उताराच.

उतारा म्हणजे विषावरचं औषध. पण पिणाऱ्या लोकांमध्ये या शब्दाला दुसराही अर्थ आहे. रात्री जास्त झालेला गडी सकाळी ठणकतं डोकं धरून आणखी एक घोट घेतो, तोही उताराच. आश्रमाचं बारसं करणाऱ्याला हा दुसरा अर्थ ठाऊक नसावा, असं दमयंतीला इतके दिवस वाटत होतं.

"नखं तरी आहेत का?" तिनं विचारलं.

"नखं?" नदाफ हसले. "नखं बघाल तर घाबराल. पायाच्या अंगठ्याचं तर बोटाच्या पुढं आलंय. आश्रमात ब्लेड, कात्री, नेलकटर सगळं काढून घेतात ना, कुणी शीर कापून घेऊ नये म्हणून."

"पाठवा. आत्ताच्या आत्ता. पहिलं ड्रोन सुटेल त्यात."

तिला घाई होती, आणि ती काही नुसती कामाची घाई नव्हती. तिचा धाकटा भाऊ शिवतेज, घरचा तेजा, मागच्याच रविवारी उतारा आश्रमातून सुटून घरी आला होता.

त्या रविवारी ती गावी गेली होती. आईनं गल्लीत पेढे वाटले होते. तेजा ओसरीवर बसला होता, डोकं गुळगुळीत, डोळे शांत. "ताई, सुटलं गं. खरंच सुटलं," तो म्हणाला. दमयंतीनं "बरं झालं" म्हटलं आणि मनात म्हटलं, बघू किती दिवस टिकतंय. याच पोरानं आईचे डूल विकले होते, आणि तिच्याच गळ्यात पडून मी नाही विकले म्हणून रडलाही होता. विश्वास ठेवायचा तरी किती वेळा?

देव्हाऱ्यापाशी काळपट काढ्याची बाटली होती, वर झेंडूचं फूल. दमयंतीनं ती उचलून बघायला हात घातला तशी आई वसकन अंगावर आली. "हलवू नगंस! परसाद हाय त्यो. आंघोळ न करता हातबी लावायचा न्हाय." मग तिनं स्वतः अलगद, डुगडुगू न देता, वरचं वरचं निवळ चमच्यात ओतलं आणि तेजाच्या तोंडात घातलं. दमयंती इतकी शिकलेली, पण आईपुढं तिनं तोंड उघडलं नाही. काढाच तर आहे, असं मनाशी म्हणाली.

आणि काल तेजाचा फोन आला होता. "ताई, अंग मोडून येतंय गं. नाक गळतंय, पाय दुखतायत, झोप न्हाय. आई म्हणती मला परत ओढ लागलीय. मला न्हाय गं ओढ लागली." दमयंती कामात होती. "घे गोळी एखादी तापाची," म्हणाली आणि फोन ठेवला.

कुलदीपचं नख दुपारी जेवणाच्या आत आलं.

यंत्राला सरकारी नाव मोठं होतं. प्रयोगशाळेत त्याला सगळे पंचांग म्हणत, कारण माणसानं कोणत्या महिन्यात काय घेतलं ते हे सांगायचं. त्यातली युक्ती साधी आहे. रक्तात जे काही फिरतं त्याचे कण केसाच्या आणि नखाच्या मुळाशी अडकतात. केस वाढतो, नख पुढं सरकतं, आणि कण त्याच्यासोबत पुढं जातात. झाडाच्या बुंध्यात वर्षाची कडी उमटते तसं. पंचांग लेसरनं एकेक पातळ थर खरवडून त्याची वाफ करायचं आणि त्या वाफेतल्या रेणूंची वजनं घ्यायचं. वजनावरून पदार्थ ओळखू येतो. पूर्वी प्रयोगशाळा एवढंच सांगायची, की मेला तेव्हा पोटात काय होतं. पंचांग सांगायचं, की मरायच्या आधी वर्षभर तो कसा जगत होता.

व्यसनी माणसाचे आलेख दमयंतीनं शेकड्यांनी पाहिले होते. ते खडबडीत असतात. पगार झाला, चढला. उधारी बंद झाली, उतरला. बायकोनं लेकराची शपथ घातली, चार दिवस खाली, मग दुप्पट वर. कुलदीपच्या नखाच्या पुढच्या टोकाला हेच डोंगर होते, पावडरचे आणि बटनांचे. मग तो आश्रमात गेला तिथं दोन्ही रेघा एकदम पडल्या. शून्य. तिथून मुळापर्यंत शून्यच. व्हिसेऱ्यातही दोन्हींचा मागमूस नव्हता. पोरगं परत ओढायला गेलंच नव्हतं!

पण त्याच जागेवरून तिसरीच एक रेघ सुरू झाली होती. पट्टीनं आखावी तशी सपाट.

दमयंती खुर्चीतून उठली. स्वतःची नशा स्वतः करणारा माणूस एवढ्या मापात कधी करत नाही. इतकं सारखं माप दुसऱ्याच्या हातात असतं. रोज, ठरल्या वेळी, चमच्यानं.

तिनं तो रेणू ताडून पाहिला. अफूच्या जातीचा, पण कारखान्यात बनवलेला पांढरा भुगा, कणभर पुरणारा. नेहमीच्या चाचणीत तो दिसला नसता, कारण ती चाचणी ओळखीच्या चोरांनाच शोधते. या भुग्याची एक खोड होती, पाण्यात तो धड विरघळत नसे. आता तिनं कुलदीपच्या जठरातला गाळ तपासला. झाडपाल्याचा चोथा होता, आणि त्यात तोच भुगा होता, नखातल्या मापाच्या कितीतरी पट.

आश्रमात मापात मिळणारी वस्तू घरी आल्यावर इतकी कशी झाली? कागदावर कुलदीपच्या आईचा नंबर होता. नुकतंच पोर गेलेल्या बाईला फोन करायचा म्हणजे जिवावर येतं. दमयंतीनं केला.

"रंजनाबाई, मी तपासणीच्या कचेरीतनं बोलतेय. आश्रमाची बाटली होती ना तुमच्याकडे? ती केव्हा संपली?"

"संपली त्याच दुपारी त्यो गेला बघा." बाईचा आवाज पार बसला होता. "तळाला जरा गाळ ऱ्हायला हुता. पाणी घालून, विसळून पाजला. दादा सांगत्यात, थेंब वाया घालवायचा न्हाय, तळाला सगळ्यात जास्त गुण. आता काय उपेग? पोरानं माघारी जाऊन तसलं खाल्लंच की."

आश्रमात काढा पातेल्यात असतो, पळीनं ढवळून देतात, प्रत्येकाला सारखा मिळतो. घरी मात्र तो प्रसाद होतो. प्रसाद कोण ढवळणार? बाटली देव्हाऱ्याजवळ स्तब्ध बसते आणि भुगा तळाशी जातो. वरचं निवळ पिऊन पोराला काहीच मिळत नाही. अंग मोडतं, नाक गळतं, झोप उडते. घरच्यांना वाटतं व्यसन ओढतंय. तेवढ्या दिवसांत त्याच्या शरीराला लागलेली त्या विषाची सवयही मोडते. आणि मग शेवटच्या दिवशी, काही वाया जाऊ द्यायचं नाही या आपल्या बायकांच्या रीतीनं, आई बाटलीत पाणी घालते, खळाखळा हलवते, आणि सगळंच्या सगळं एका दमात पोराच्या घशाखाली उतरवते.

तेजाची बाटली रविवारी भरलेली होती, म्हणजे एव्हाना तळाला आली असणार. तिनं आईला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. दुपारी आई फोन फळीवर ठेवून शेळ्यांमागं जाते. तेजाला लावला. तोही उचलेना.

अफूच्या जातीच्या विषावर औषध आहे, नाकात मारायचा एवढासा फवारा. मेंदूतल्या ज्या कुलपात विष जाऊन बसतं तिथून त्याला हुसकावतो आणि स्वतः जागा धरतो. नमुने हाताळताना एखादा कर्मचारीच आडवा व्हायचा, म्हणून प्रयोगशाळेत त्याची पेटी ठेवलेली असते. पेटी उपसंचालक घनवटांच्या केबिनमध्ये, काचेच्या कपाटात, कुलपात. दमयंती धावत तिथं शिरली.

"साहेब, किल्ली द्या कपाटाची. लवकर."

"बसा, बसा. काय झालं?" घनवटांना कधी कशाची घाई नसायची. धापा टाकत तिनं सांगितलं: नख, सपाट रेघ, गाळ, तेजा. घनवटांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"कुणाचं नाव घेताय ते कळतंय ना मॅडम? दादांच्या हस्ते आपल्या यंत्राचं उद्घाटन झालंय."

झालं होतं खरं. त्यांनीच नारळ फोडला होता आणि हसत विचारलं होतं, "म्हणजे ताई, केसातनं सगळं कळतं म्हणा की." आणि हीच दमयंती मोठ्या हौसेनं त्यांना केस कसा वाढतो ते समजावत बसली होती. नखांचं सांगायचं राहिलं, कारण तेवढ्यात चहा आला. आश्रमात पूर्वी पोराला आत घेतानाच तेवढं डोकं भादरत. बाहेर सोडतानाही अंगावरचा केस न् केस उतरवायचं ते शुद्धिस्नान त्यानंतर निघालं. आत्ता, घनवटांच्या टेबलासमोर उभी असताना, हे तिच्या ध्यानात आलं.

"त्याला माहीत आहे, साहेब! त्याला सगळं माहीत आहे. म्हणून तर पोरं सोलून पाठवतोय! किल्ली द्या."

"देतो हो. पण आधी त्या रिपोर्टचं काय ते ठरवू. समजा लिहिलंत तुम्ही. त्या आयांना काय सांगणार? बाई, तुझ्या पोराला तूच पाजलंस? सहा घरांतला विस्तव पुन्हा फुंकणार? त्यापेक्षा मत राखीव राहू दे. मी तर म्हणेन, ही दयाच आहे."

"दया?" दमयंतीचा आवाज चिरकला. "तुमची दया घाला चुलीत! सातवं पोर माझ्या घरात आहे."

टेबलावर आश्रमानं दिलेलं सन्मानचिन्ह होतं, पितळी ओंजळ, खाली दादांचं नाव. वजनाला चांगलं होतं. तिनं ते उचललं आणि कपाटाच्या काचेवर घातलं. घनवट "अहो, अहो!" करत उठेपर्यंत ती पेटी घेऊन जिन्यात पोचली होती.

गाडी तिनं कशी चालवली ते तिला नंतर आठवेना. वाटेत नदाफांना सांगून रुग्णवाहिका मागवली, आईला पुन्हा पुन्हा फोन लावला, आणि मोठमोठ्यानं शिव्या दिल्या. दादांना, घनवटांना, मग स्वतःला. काल पोरगं सांगत होतं, अंग मोडतंय, नाक गळतंय. शाळकरी मुलानं ओळखावीत अशी लक्षणं! आणि आपण काय म्हणालो? तापाची गोळी घे.

घरी पोचली तर आई ओट्यापाशी होती. बाटली ओट्यावर उपडी घातलेली. स्वच्छ, धुतलेली.

"आलीस व्हय? हळू बोल गं," आई दबक्या आवाजात म्हणाली. तोंडावर समाधान होतं. "आत्ता कुठं डोळा लागलाय लेकराचा. किती दिस तळमळत हुता. शेवटचा उतारा दिला आन् कसा गपगार झाला बघ."

तेजा आतल्या खोलीत चटईवर उताणा पडला होता. ओठ जांभळे. दमयंतीनं त्याच्या नाकाशी हात धरला. एक श्वास आला. तिनं वाट पाहिली. दुसरा येईना. तिनं त्याची मान मागं केली, फवारा नाकपुडीत खुपसला आणि दाबला. तोंडाला तोंड लावून हवा भरली. काही नाही. पुन्हा भरली.

"अगं काय करतीस त्याला? चांगला झोपलाय की!"

"झोपला नाही आई, मेलाय! मरतोय! गप्प बस!"

दुसरा फवारा. पुन्हा हवा. मग तेजाच्या छातीतून विहिरीतला पंप सुरू व्हावा तसा घर्र आवाज आला. तो वाकडा झाला, ओकला, आणि बहिणीला आईवरून एक सणसणीत शिवी हासडली. दमयंतीला उभ्या आयुष्यात त्याचं कुठलंच बोलणं इतकं गोड लागलं नव्हतं. ती त्याचं बोडकं डोकं छातीशी धरून ढसाढसा रडली. रडता रडता आईला सगळं सांगितलंही, आणि सांगताना शब्द मऊ केले नाहीत. तेवढं भान नव्हतं, आणि खरं सांगायचं तर राग होता.

आईनं ऐकून घेतलं. चमचा अजून तिच्या हातातच होता. तिनं तो पदरानं पुसला, परत पुसला, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत पुसतच राहिली.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या रुग्णालयात तेजा उशीला टेकून बसला. त्याचे हातपाय कापत होते. विष एकदम तोडायचं नाही, डॉक्टर हळूहळू उतरवणार होते. वाट लांबची होती.

"ताई, मी घेतलं नव्हतं," तो म्हणाला.

"ठाऊक आहे मला."

"रविवारी तू मानत नव्हतीस. तुझ्या तोंडावर दिसत हुतं."

"नव्हतेच मानत. चुकले मी, तेजा."

त्यानं मान फिरवली. त्याला रडायचं नव्हतं. मग म्हणाला, "नेलकटर हाय का कुणाकडं?"

दमयंतीच्या फोनवर सकाळीच घनवटांचा आदेश आला होता: शासकीय मालमत्तेची तोडफोड, निलंबन, प्रयोगशाळेत पाऊल ठेवायचं नाही. कुलदीपचं नख आणि त्याचा आलेख आता त्यांच्या कुलपात होते आणि त्यावर काय लिहिलं जाणार हे सांगायला नको. पण तेजाच्या नखावर घनवटांची सत्ता चालत नव्हती. नदाफांनी पंचांसमक्ष त्याचे दोन तुकडे दोन पाकिटांत घातले, लाखेनं सील केले, आणि दोन वेगळ्या शहरांतल्या प्रयोगशाळांना लावून दिले.

"एक नख आहे मॅडम," नदाफ हळूच म्हणाले. "ते म्हणतील, पोरगं व्यसनी, बाहेरूनच घेतलं. बाटली असती तर गोष्ट निराळी. तुमची तर धुतलेली."

"सगळ्यांच्याच धुतलेल्या असणार. आपल्या बायका बाटली न धुता ठेवतायत होय?"

कोपऱ्यात बसलेली आई कालपासून पहिल्यांदा बोलली. "त्या हाक्याच्या बाईला सांगितलंस का?"

"काय सांगू आई? परवा पोरगं गेलंय तिचं. तुझ्या हातानं गेलं म्हणून सांगू? आमचे साहेब त्यासाठीच म्हणत होते..."

"तुझ्या सायबाला म्हणावं, आयांची काळजी तू नगं करू," आई उठली. "चल. मी सांगते."

हाकेवस्ती माळावर होती. रंजनाबाई दारातच बसल्या होत्या. घरात सुतक, पण कुलदीपच्या फोटोपुढं दिवा नव्हता. फोटो भिंतीकडं तोंड करून ठेवला होता. दमयंतीनं तो पाहिला आणि तिला पुढं पाऊल टाकवेना.

आई सरळ जाऊन रंजनाबाईंच्या पुढ्यात मांडी घालून बसली. "मी काळेलाची मंगल. माझाबी पोरगा उताऱ्यात हुता. मीबी बाटली विसळून पाजली बाई. काल. ही माझी लेक येळंवर आली म्हणून माझा वाचला. त्या काढ्यात इख हुतं. तळाला बसलेलं."

रंजनाबाई तिच्याकडं बघत राहिल्या. दमयंतीला वाटलं, आता ही किंचाळेल, नाहीतर आईच्या थोबाडीत देईल.

"म्हंजी," रंजनाबाई म्हणाल्या, "माझ्या कुल्द्यानं माघारी जाऊन घेतलं नव्हतं?"

"नाही," दमयंती म्हणाली. "आश्रमात गेला त्या दिवसापासून नाही. नखभरसुद्धा नाही. मी स्वतः पाहिलंय."

"मला सांगत हुता त्यो. आई, मी न्हाय घेतलं. आई, नगं, ह्या काढ्यानं गरगरतंय." रंजनाबाईंचा आवाज फुटला. "मी म्हटलं खोटारड्या! नाक दाबून पाजलं बाई मी त्याला. मेल्यावरबी शिव्या घातल्या. दिवाबी लावला न्हाय."

आईनं तिला जवळ ओढलं. दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. दमयंती दारात उभी राहिली. तिला घनवटांची दया आठवली आणि अंगाची आग झाली. या बाईला जन्मभर खोटारड्याची आई म्हणून ठेवायचं होतं त्यांना. वर त्याला दया म्हणायचं.

रडणं ओसरलं तशी रंजनाबाई पदरानं तोंड पुसून उठल्या. आधी त्यांनी फोटो सरळ केला. मग देवापुढं गेल्या आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आल्या.

"पयली संपायच्या आधीच दुसरी आणून ठेवली हुती," त्या म्हणाल्या. "खंड पडू द्यायचा न्हाय म्हणत्यात ना. मग त्योच गेला. ही टाकवंना. परसाद टाकायचा कसा?"

फडकं सुटलं. आत बाटली होती, गळ्यापर्यंत भरलेली, आश्रमाचं सील न फोडलेलं. आईनं ती दारातल्या उन्हाकडं धरली. वर काळपट निवळ पाणी होतं. तळाशी पातळसा थर बसला होता, पिठासारखा पांढरा.

रंजनाबाईंनी कोपऱ्यातल्या चपला ओढल्या आणि पाय त्यात खुपसले.

"कुठं न्यायची?" त्यांनी विचारलं. "पोलिसांत, का आधी त्याच्या आश्रमात?"

"आधी नदाफ डॉक्टरांकडं, पंचनाम्याला," दमयंती म्हणाली.

"आन् मग आश्रमात," आई म्हणाली. "बाकीच्या पाचजणींस्नी बोलवून."

रंजनाबाईंनी बाटली दोन्ही हातांत घेतली आणि पायरी उतरायला लागल्या. दमयंती पटकन पुढं झाली आणि तिनं त्यांच्या कोपराला धरलं.

"सावकाश, काकू," ती म्हणाली. "हलवू नका."